पहिला थांबा वाघोली

व्यंकटरावांनी आपल्या व्याह्यांना शेवटच्या रांगेतली वरची जागा दिली, तीही नेमकी चाकावरची.

वारंगा फाट्यावर बसून पुण्याच्या स्लीपर गाड्यांचं बुकिंग करणाऱ्या माणसाला कोणती जागा कशी, हे सांगावं लागत नाही. पुढची खालची म्हणजे पाळणा. मागची वरची म्हणजे रस्त्यातला एकेक खड्डा कमरेला भेटून जाणार. साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या माणसाला ती जागा सहसा कुणी देत नाही. व्यंकटरावांनी दिली, आणि चेहरा असा केला की हीसुद्धा मोठ्या खटपटीने मिळवली आहे.

"गर्दी लई हाय पाव्हणे. हीच कशीबशी राहिली."

"असू द्या," विश्वंभरराव म्हणाले. "सकाळी पोचलो म्हणजे झालं. प्रिया वाट पाहून राहिली असंल. आबा आल्याबिगर दूधच पेत न्हाई म्हणते ती."

पुढची एक खालची जागा तेव्हाही रिकामी होती. हे दुधाचं ऐकल्यावर व्यंकटरावांनी ती हदगावच्या एका कॉलेजच्या मुलाला देऊन टाकली.

गाडी गेल्यावर प्रेमदास हसला. प्रेमदास जवळच्या तांड्यावरचा, वयाने व्यंकटरावांच्या बरोबरीचा. पार्सलं चढवणं-उतरवणं आणि व्यंकटरावांना तोंडावर खरं सांगणं, ही दोन्ही कामं त्याच्याकडे होती.

"शेठ, वर चढताना इवायाचा पाय घसरला असता मंग?"

"मंग नात मला मिळाली असती," व्यंकटराव बोलून गेले, आणि आपल्याच बोलण्याने दचकून त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

प्रियदर्शनी दोघांचीही नात. व्यंकटरावांच्या विजयकुमारची मुलगी आणि विश्वंभररावांच्या कोमलची. विश्वंभरराव मूळचे कळमनुरीचे. सरकारी नोकरीत पुण्याला गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच धायरीला राहिले. थोडी शेती गावाकडे होती, तेवढ्यासाठी वर्षातून दोनदा येत. विजयकुमार आणि कोमल दोघेही नोकरीवर जाणारे. प्रियाच्या जन्मापासून त्यांनी विश्वंभररावांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर भाड्याने घर घेतलं होतं. त्यामुळे झालं असं की पोरगी पहिला शब्द बोलली तो 'आबा'. ही बातमी व्यंकटरावांना फोनवर आनंदाची म्हणून सांगण्यात आली, आणि त्यांनीही आनंद झाल्यासारखा आवाज काढला.

त्यांना ती 'गावचे आजोबा' म्हणायची. गावचं तूप, गावची ज्वारी, तसे गावचे आजोबा. येतात, चांगले लागतात, संपतात.

त्यांच्या बाजूने प्रयत्नांत कसलीच कमी नव्हती. त्यांच्या पत्नी शालूबाई दर थोड्या दिवसांनी पेटी भरत. तुरीच्या शेंगा, हुरडा, शेवया, घरच्या हळदीची पूड. व्यंकटराव ती ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायला लावत, म्हणजे दबायला नको. पण धायरी राहिली शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. गाडी शेवटच्या थांब्यावर रिकामी व्हायची, तिथे विश्वंभरराव स्कूटरवर येऊन पेटी घ्यायचे आणि विजयकुमारच्या घरी पोचवायचे. पोरीला दिसायचं एवढंच, की आबा खाऊची पेटी घेऊन आले. शेंगा व्यंकटरावांच्या शेतातल्या, बांधल्या शालूबाईंनी, आणि पापा मिळायचा विश्वंभररावांना.

व्यंकटरावांना पुणं ठाऊक होतं, पण त्याची त्यांची अशी एक रीत होती. फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमधून त्यांनी अर्धा तालुका पुण्याला पाठवला होता. कुणी विचारलं, "काका, कुठं उतरू?" की ते थांबे एका दमात सांगत. वाघोली, खराडी, येरवडा आणि पुढे शेवटपर्यंत. कोण कुठे उतरतो हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. वाघोलीला उतरतात ते आपले लोक, डोक्यावर ज्वारीचं पोतं आणि कडेवर लेकरू घेऊन. पुढेपुढे उतरतात ते चाकांच्या बॅगावाले. जो शेवटपर्यंत बसून राहतो, तो आपला राहत नाही. फाट्यावर आयुष्य काढलेला माणूस शहरही गाडीतूनच पाहतो. ज्या वस्तीत गाडी पहिल्यांदा थांबते ती आपल्याला जवळची, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. त्या वस्तीत रोज राहतं कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

म्हणून विजयकुमारचा फोन आला, की स्वतःचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे, एक धायरीत पाहिलाय आणि एक वाघोलीत, तेव्हा व्यंकटरावांनी दुसऱ्याच दिवशीच्या गाडीत स्वतःची आणि शालूबाईंची जागा धरली. पुढची, खालची.

शालूबाई गोधड्या उन्हात टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमाला पोराचं घर पाहायचंय का पाव्हण्याचं नाक कापायचंय?"

"मी काही बोललो का?"

"न्हाई बोलले म्हणूनच इचारून राहिले."

धायरीला विश्वंभररावांनी मोठ्या अगत्याने सगळा भाग हिंडवून दाखवला. सोबत प्रिया होतीच. तिने एका हाताने आबांचं बोट धरलं होतं. दुसरा हात मोकळा असता तर तो व्यंकटरावांच्या वाट्याला आला असता, पण त्या हातात पाण्याची बाटली होती. गुलाबी बाटली, वर ससा. व्यंकटरावांनी सगळा रस्ता त्या सशाकडे पाहत काढला.

"इथं समदं पायी हाय बघा," विश्वंभरराव सांगत होते. पुण्यात इतकी वर्षं काढूनही गावचा माणूस भेटला की त्यांची बोली परत यायची. "ही शाळा. तो दवाखाना. भाजी इथं. गाडी काढायचं कामच न्हाई."

भाजीवालीने प्रियाच्या हातात एक गाजर ठेवलं. "काय आबा, आज नात गप्प?"

औषधाच्या दुकानदाराने गल्ल्यावरूनच हात केला. "आबांची परी आली!"

बागेतल्या बाकावर विश्वंभररावांच्या वयाची मंडळी बसली होती. त्यांनी सरकून जागा केली. एकाने व्यंकटरावांकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"हे हिचे गावाकडचे आजोबा."

"अरे वा. किती दिवस मुक्काम?"

व्यंकटरावांना फाट्यावर ट्रकवाले हात करतात, हॉटेलवाले चहा धाडतात, पोलीसही शेठ म्हणून हाक मारतो. इथे त्यांना मुक्काम विचारला जात होता. त्यांनी भागात काहीतरी खोट शोधायचा फार प्रयत्न केला. रस्ता स्वच्छ होता. शाळा खरंच जवळ होती. शेवटी ते म्हणाले, "वारं न्हाई इथं."

"डोंगर हाय की मागं."

"डोंगर हाय म्हणूनच न्हाई."

विश्वंभररावांनी डोंगराकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी वाघोली. आता व्यंकटराव पुढे आणि बाकीचे मागे. गाडी थांबते तिथेच, रस्त्याला लागून, मिनाची चहा-नाश्त्याची टपरी होती. मिना कळमनुरीजवळच्या तांड्यावरची. तिने उकळता चहा तसाच सोडला आणि धावत आली.

"काका! तुमी? लग्नानंतर पहिल्यांदा आले तव्हा तुमीच बसवलं होतं मला. रडून राहिले होते तर खिडकी दिली तुमी."

"आठवते की. अन् उलटी केली होती तू."

"काका, गिऱ्हाइकं बसलेत!" मिना लाजून हसली. चहा पाजल्याशिवाय तिने कुणाला हलू दिलं नाही. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबून पाया पडला, तो वसमतकडचा. पुढे किराणा दुकानात सेनगावकडचा एकजण निघाला, त्याने शेतातल्या आखाड्यावरच्या म्हशीची चौकशी केली. व्यंकटराव प्रत्येकाशी जरा जास्तच वेळ, जरा जास्तच मोठ्याने बोलले.

प्रिया मान वर करून पाहत होती. "आजोबा, तुम्हाला सगळे ओळखतात?"

'गावचे' हा शब्द गळाला होता. व्यंकटरावांनी तो खाली पडलेला स्पष्ट ऐकला.

"सगळे," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी कारणं मांडली. विजयकुमारची कंपनी खराडीला. वाघोलीतून जाणं-येणं कमी. धायरीतून रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं, पोरगं थकून घरी येतं. नवी इमारत, मोठ्या खोल्या. गावाकडून कुणी आलं तर पहाटे उतरलं की थेट दारात. सगळी कारणं खरी होती. त्यांच्यामागचं कारण तेवढं त्यांनी सांगितलं नाही, आणि शालूबाई ते माहीत असूनही भाजी निवडत राहिल्या.

"मामा," कोमल म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे. "मग प्रियाला शाळेतून आल्यावर कोण बघणार? इथं आबा आहेत."

"त्याचं काय येवढं. मी येत जाईन की."

"रोज?"

"पहिलाच तर थांबा हाय," व्यंकटराव म्हणाले. हे उत्तर होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कोमलच्या आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं; तो दिवसभराच्या गर्दीतून आलेला, बुटाची नाडी सोडत होता.

"अण्णा म्हणतात ते बराबर आहे," विजयकुमार म्हणाला.

वाघोलीचं ठरलं. विश्वंभररावांना सांगितलं तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले. परतीच्या प्रवासात व्यंकटरावांना अशी गाढ झोप लागली की फाटा आला तरी ड्रायव्हरला त्यांना हलवून उठवावं लागलं.

पुढचे काही महिने सुखाचे गेले. पेटी आता पहिल्याच थांब्यावर उतरे. मिना ती ठेवून घेई आणि विजयकुमार घेऊन जाई. मध्ये कुणाची स्कूटर नव्हती. फाट्यावर जो येईल त्याला व्यंकटराव सांगत, "वाघोलीलाच बघा घर. माझ्या पोरानं तिथंच घेतलं." स्वतः मात्र ते त्या काळात एकदाच जाऊन आले, वास्तुशांतीला. पुढे सणांचा हंगाम आला, गाड्या भरून जाऊ लागल्या, मग हळद काढणीचं पाहणं आलं. येत जाईन म्हटलेलं तसंच राहिलं.

हळद शिजवून वाळत घातली आणि ते निघाले. उजाडताना वाघोलीला उतरले. मिनाची टपरी अजून उघडायची होती. हातात पेटी, काखेत पिशवी, अंगात उत्साह. इमारतीच्या गेटवर नवा वॉचमन होता.

"किसके यहाँ?"

"विजयकुमार. चौथा मजला."

वॉचमनने जरा आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, आबा की बच्ची का घर! जाओ, जाओ. लिफ्ट सीधे हाथ पे."

व्यंकटरावांनी पेटी खाली ठेवली.

"कौन आबा?"

"अरे, दूसरे माले वाले. वो क्या, आ ही रहे हैं."

लिफ्टचं दार उघडलं आणि विश्वंभरराव बाहेर आले. पायात घरातल्या सपाता. त्यांच्या बोटाला धरून शाळेच्या गणवेशात प्रिया, आणि दुसऱ्या हातात ती बाटली. सशाचा एक कान आता झिजला होता.

"गावचे आजोबा आले!" प्रिया ओरडली. शब्द परत आला होता.

ती पळत आली, तिने बाटली व्यंकटरावांच्या हातात दिली, खाली बसून बुटाचा पट्टा लावला, बाटली परत घेतली आणि गेटसमोर थांबलेल्या शाळेच्या व्हॅनमध्ये चढली. तेवढा वेळ बाटली त्यांच्याकडे होती.

व्हॅन गेली. दोघे व्याही गेटपाशी उभे राहिले.

"कव्हा आलात इथं?"

"दसऱ्यानंतर. भाड्याने घेतलं. धायरीचं घर बंद करून आलो." विश्वंभरराव सपातांकडे पाहत बोलले. "कोमलचा फोन आला होता. पोरगी शाळेतून आल्यावर शेजारच्यांकडं बसून राहती म्हणून रडली. विजयराव म्हणाले, अण्णांना मी सांगतो. सांगितलं न्हाई वाटतं."

"न्हाई."

"मला बी जड गेलं बघा. ती बाग, बाकावरची माणसं, समदं सुटलं. तुमचं बरं हाय, तुमाला इथं गल्ली ओळखती. मला ती चहावाली पहिले पंधरा दिवस नुसता ग्लास पुढं सरकवायची. मंग म्हणालो, बाई, मी वारंग्याच्या व्यंकटरावांचा इवाई. तव्हा कुठं खुर्ची मिळाली."

हे ऐकून व्यंकटरावांना बरं वाटलं. पण त्या बरं वाटण्याला लगेच दुसरा काटा टोचला. त्यांच्या नावावर मिळालेल्या खुर्चीत रोज सकाळी विश्वंभरराव बसत होते. शिवाय पूर्वी दोन गल्ल्यांचं अंतर होतं, ते आता दोन मजल्यांचं झालं होतं, आणि ते कमी करून दिलं होतं स्वतः व्यंकटरावांनी. ते वस्ती जिंकून फाट्यावर जाऊन बसले. हा माणूस हरला आणि सामान घेऊन इथे राहायला आला. आता वॉचमनला दोष देऊन काय उपयोग होता?

इतक्यात गेटसमोर एका ट्रकने करकचून ब्रेक लावला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले आणि धूळ उडाली. विश्वंभररावांनी रुमाल नाकाला लावला. व्यंकटरावांना मात्र घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. गेटला अगदी लागून, तळमजल्यावर, एका खिडकीत 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. पाटी उन्हाने पिवळी पडली होती.

"हे काहून रिकामं?"

"ते कोणी घेतच न्हाई. दिवसभर गाड्या, हॉर्न, धूळ. मागचे भाडेकरू झोप न्हाई म्हणून पळाले. अन् ही व्हॅन बी नेमकी त्या खिडकीसमोर थांबती, लेकरांचा कलकलाट येगळाच."

"व्हॅन इथंच थांबती? येताना बी?"

"इथंच."

व्यंकटराव त्या खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिले. पोरगी व्हॅनमधून उतरणार. समोर ही खिडकी. त्यानंतर गेट, त्यानंतर लिफ्ट, त्यानंतर कुठे तो दुसरा मजला.

त्यांनी तिथूनच शालूबाईंना फोन लावला.

"पाव्हणे इथं राहायला आले हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी गाडीत बसला नसता. नात भेटली का?"

"भेटली. ऐक, बॅगा भर. आपण इथं राहायला येऊन राहिलो."

मग शालूबाई म्हणाल्या, "अन् गाड्यांचं काम?"

"प्रेमदास पाहील. त्याला समदं येते."

"अन् म्हस?"

"म्हस भावाकडं ठेवू."

"भावाकडं कशाला? तिलाबी आणा की. मागची वरची जागा द्या तिला, पाव्हण्याला दिली तशी."

व्यंकटरावांनी फोन कानापासून जरा लांब धरला. विश्वंभरराव शेजारीच उभे होते. ऐकू गेलं असेल का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ते वॉचमनला फ्लॅटच्या मालकाचा नंबर विचारत होते, व्याह्यांसाठी.

पाडवा झाल्यावर दोघे राहायला आले. पहिल्या दिवशी व्हॅन आली तेव्हा व्यंकटराव खिडकीत शेंगांची वाटी घेऊन बसले होते. प्रिया उतरली, तिने खिडकी पाहिली, आणि लिफ्टकडे न जाता गजांतून हात आत घातला. शेंगा सोलायच्या तर दोन्ही हात लागतात, म्हणून बाटली खिडकीतच राहिली. वर दुसऱ्या मजल्यावर दूध गार झालं. थोड्या वेळाने विश्वंभरराव लिफ्टने खाली आले. त्यांनी खिडकीतली बाटली पाहिली, आणि व्यंकटरावांना फार ओळखीचा वाटावा असा काहीतरी भाव त्यांच्या चेहऱ्यावरून गेला.

असे काही आठवडे गेले. गजांशी उभं राहून शेंगा खाता खाता प्रिया एक दिवस नुसतं "आजोबा" म्हणाली. व्यंकटरावांनी न ऐकल्यासारखं करून तिला परत बोलायला लावलं.

पेरणीच्या तोंडावर, नुकतीच शाळा सुरू झाली तेव्हा, विश्वंभरराव खाली आले आणि खुर्चीवर टेकले.

"चार दिवस कळमनुरीला जाऊन यावं म्हणतो. शेताचं पाहायचं हाय. आता तुमी हाईत पोरीजवळ, म्हणून निघायला होते. तेवढी जागा सांगता का प्रेमदासला? मागची असली तरी चालंल. सवय हाय मला."

शेवटचं वाक्य ते व्यंकटरावांकडे न पाहता बोलले. म्हणजे तेव्हाही कळलं होतं आणि फोनवरचंही ऐकू गेलं होतं. व्यंकटरावांचे कान तापले. शालूबाई आतून पाहत होत्या.

त्यांनी लगेच फोन लावला. "प्रेमदास, आपले पाव्हणे येऊन राहिले. पुढची खालची जागा दे. पंखा चालू हाय का ते बघ. सोबत पाण्याची बाटली ठेवायला सांग."

"देतो शेठ. अन् परतीचं कव्हाचं करू?"

व्यंकटरावांनी विश्वंभररावांकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. व्हॅन यायची वेळ झाली होती. ते फोन घेऊन दोन पावलं आतल्या खोलीकडे सरकले आणि आवाज खाली आणला.

"त्याची घाई करू नको. इचारलं तर सांग, गर्दी लई हाय."